हसू कोणाचे आणि कोणाच्या जिवावर?

माणसाला रडविणे सोपे, हसविणे अवघड, असे नाट्यकलेचे जाणकार पूर्वीपासून सांगत आले आहेत. ते बरोबरच आहे. परंतु हे सांगताना एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. हे हसू कोणाच्या जिवावर निर्माण झाले? मालक नोकराच्या बोलण्याला हसतो, शिकलेला अडाण्याच्या गोंधळाला हसतो, पोटभर जेवलेला भुकेल्याच्या अधाशीपणाला हसतो. वरवर पाहता हे हसणे निर्मळ वाटते. पण ज्याला ते मान खाली घालून ऐकून घ्यावे लागते त्याच्या काळजात ते सुरीसारखे जाते. ज्यांच्या वाडवडिलांनी असे हसू पिढ्यान् पिढ्या ऐकले, त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको.

आज हा विषय काढण्याचे कारण अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय नटीची कारकीर्द हे आहे. त्यांचे नाव एस्थर रोल. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांनी त्यांना कीर्ती दिली, आणि त्याच मालिकांशी त्यांना उघड भांडावे लागले. दूर देशातील एका नटीची हकीकत आपण कशासाठी वाचावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. दूरचित्रवाणीचा पडदा आता आपल्याही घरात आला आहे. आपली मुले संध्याकाळी त्याच्यासमोर बसतात. त्या पडद्यावर माणसाची जी चित्रे दिसतात, त्यांवरून ती स्वतःची किंमत ठरवितात. ती चित्रे कोण काढतो आणि कोणत्या हेतूने काढतो, हे आईबापांना कळले पाहिजे. रोलबाईंच्या आयुष्यात हा प्रश्न जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच कोठे दिसेल.

पडद्यामागचे आयुष्य

८ नोव्हेंबर १९२० रोजी फ्लोरिडा राज्यातील पॉम्पानो बीच या गावी त्यांचा जन्म झाला. आईबाप बहामा बेटांतून येऊन तेथे स्थायिक झालेले आणि शेतीवर पोट भरणारे. अठरा भावंडांत एस्थर दहावी. त्या काळी फ्लोरिडात गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या असत. बसण्याच्या जागाही वेगळ्या असत. अशा मुलखातून ही मुलगी न्यूयॉर्कला गेली. तेथे कपड्यांच्या कारखान्यांच्या भागात नोकरी करून तिने पोट भरले, शिक्षणाची धडपड केली आणि उरलेला वेळ रंगभूमीला दिला. 'शोगोला ओलोबा' या आफ्रिकी नृत्यमंडळीत त्या नाचत असत. १९६० साली त्या मंडळीच्या संचालक झाल्या. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये 'नीग्रो एन्सांबल कंपनी' ही नाट्यसंस्था निघाली. कृष्णवर्णीयांची नाटके कृष्णवर्णीयांनीच लिहावीत आणि करावीत या उद्देशाने निघालेल्या या संस्थेच्या आरंभीच्या सभासदांत रोलबाई होत्या.

दूरचित्रवाणीने त्यांना बोलाविले तेव्हा त्यांचे वय एक्कावन्न वर्षांचे होते. ज्या वयात इतर नट्यांची कारकीर्द मावळते, त्या वयात त्यांची उगवली. पाठीशी दीर्घ तालीम होती आणि आपण कोण आहोत याविषयी मनात गोंधळ नव्हता. पुढे जे घडले ते समजण्यास ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

मोलकरणीला घर नसते काय?

अमेरिकेच्या चित्रपटांत कृष्णवर्णीय स्त्रीला अनेक वर्षे जवळजवळ एकच जागा होती, आणि ती म्हणजे गोऱ्याच्या स्वयंपाकघरातली. अंगाने स्थूल, सदा हसतमुख, मालकाच्या मुलांवर जीव टाकणारी, मधूनमधून विनोद करणारी मोलकरीण. १९३९ च्या 'गॉन विथ द विंड' या चित्रपटात हॅटी मॅक्डॅनिएल यांनी अशीच भूमिका केली आणि १९४० साली त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. परंतु त्या समारंभात त्यांना इतर नटनट्यांच्या टेबलावर जागा नव्हती. बाजूला एका लहान टेबलाशी त्यांना बसविण्यात आले होते. सन्मान आणि विटाळ एकाच मांडवात!

दूरचित्रवाणी आली तेव्हा तिनेही हीच परंपरा उचलली. १९५० साली 'ब्यूला' ही विनोदी मालिका सुरू झाली. तिची नायिका गोऱ्या कुटुंबातील मोलकरीण. ही भूमिका पाळीपाळीने एथेल वॉटर्स, हॅटी मॅक्डॅनिएल आणि लुईझ बीव्हर्स या तीन गुणी नट्यांनी केली. १९५१ साली आलेल्या 'अमोस अँड अँडी' या मालिकेतील कृष्णवर्णीयांचे विडंबन पाहून त्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एन.ए.ए.सी.पी.' या संस्थेने जाहीर निषेध केला. १९६८ साली 'जूलिया' ही मालिका आली. तिची नायिका सुशिक्षित परिचारिका होती आणि डायहॅन कॅरल यांनी ती भूमिका केली, ही प्रगती खरीच. पण तिचा नवरा व्हिएतनामच्या युद्धात मारला गेलेला दाखविला होता. म्हणजे मोलकरणीला स्वतःचे घर नव्हते, आणि घर मिळाले तेव्हा त्या घरात बाप नव्हता.

१९७२ साली निर्माते नॉर्मन लिअर यांनी 'मॉड' या आपल्या नव्या मालिकेत मोलकरणीच्या भूमिकेसाठी रोलबाईंना विचारले. त्या सहजासहजी तयार झाल्या नाहीत. वाकून 'होय बाईसाहेब' म्हणणारी मोलकरीण आपण करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. ही मोलकरीण तशी असणार नाही, असे आश्वासन मिळाल्यावरच त्यांनी होकार दिला. त्या मोलकरणीचे नाव फ्लोरिडा.

या मालिकेतील आरंभीचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. बी आर्थर यांनी केलेली मॉड ही घरधनीण सुधारकी विचारांची. आपण भेदभाव मानीत नाही हे दाखविण्याची तिला फार हौस. म्हणून ती नव्या मोलकरणीला आग्रह करते की, तू पुढच्याच दाराने ये, माझ्याच पंक्तीला जेव. फ्लोरिडाला या देखाव्याचा कंटाळा येतो. आपले काम आपल्या सोयीने करू द्यावे, एवढेच तिचे म्हणणे. प्रेक्षक हसतात, आणि ते मालकिणीच्या दिखाऊ औदार्याला हसतात. हसण्याची दिशा बदलली की प्रसंगाचा अर्थ कसा पालटतो, याचा हा उत्तम नमुना होय. ज्याला वरून समता बहाल केली जाते, त्याला त्या बहाल करण्यातला अहंकार लगेच कळतो. आपल्यापैकी किती जणांनी असे औदार्य अनुभवले आहे!

बापाची अट

फ्लोरिडा इतकी लोकप्रिय झाली की तिच्या घरावर स्वतंत्र मालिका काढण्याचे ठरले. तिचे नाव 'गुड टाइम्स'. ती ८ फेब्रुवारी १९७४ रोजी 'सी.बी.एस.' या वाहिनीवर सुरू झाली. तिचे जनक एरिक मॉन्टी आणि माइक इव्हान्स हे दोघेही कृष्णवर्णीय लेखक होते. मॉन्टी स्वतः शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत वाढलेले. मालिकेतील कुटुंब शिकागोच्या अशाच वसाहतीत राहते, आणि आरंभीच्या दृश्यांत कॅब्रिनी-ग्रीनच्याच उंच इमारती दिसत. त्या इमारती आज उरलेल्या नाहीत. शेवटची उंच इमारत २०११ साली पाडली गेली.

या मालिकेची आखणी होत असताना फ्लोरिडा ही एकटीने मुले वाढविणारी आई असावी, असा विचार होता. येथे रोलबाई आडव्या आल्या. या घरात बाप असलाच पाहिजे, असे त्यांनी सांगितले. आपल्या लोकांत कष्ट करून पोरे वाढविणारे बाप आहेत, मग पडद्यावरच ते का दिसू नयेत, हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी त्यांचे म्हणणे मान्य झाले आणि 'मॉड'मध्ये फ्लोरिडाच्या नवऱ्याचे काम करणारे जॉन अमोस हेच नव्या मालिकेत जेम्स इव्हान्स या नावाने घरचे कर्ते झाले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. एका नटीने मागितले काय? मोठी खोली नव्हे, जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नाव नव्हे. तिने मुलांसाठी बाप मागितला. ज्या समाजातील पुरुषाला गुलामगिरीत स्वतःच्या बायकामुलांवरही हक्क नव्हता, ज्याची मुले बाजारात विकली जात, त्या समाजातील स्त्रीने पडद्यावर बाप मागावा, यातील अर्थ आपल्याला कळण्यास वेळ लागू नये.

पहिल्या वर्षांत या मालिकेने आपले वचन पाळले. जेम्स काम शोधतो, काम मिळते, सुटते, पुन्हा शोधतो. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी राबतो. घरभाड्याची चिंता असते. धाकटा मायकेल हुशार आहे आणि बाणेदारही. जॉर्ज वॉशिंग्टन गुलाम बाळगीत असे, म्हणून शाळेत त्यांच्यावर वर्णद्वेषाचा आरोप केल्याबद्दल त्याला शाळेतून काही काळ काढण्यात येते. एका भागात तो बुद्धिमापनाची परीक्षा अर्धवट टाकून निघून येतो, कारण त्या परीक्षेतील प्रश्न गोऱ्या मुलांच्या जगावरून काढलेले आहेत असे त्याचे मत असते. विनोदी मालिकेत हे प्रश्न आले आणि प्रेक्षकांनी ते पसंत केले. लोकप्रियतेत ही मालिका देशातील पहिल्या दहांत जाऊन बसली. गरिबांच्या स्वाभिमानावर मालिका चालत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

विदूषकाचे राज्य

परंतु पुढे काय झाले? थोरला मुलगा जे.जे. हा चित्रकार, बडबड्या आणि टवाळ. जिमी वॉकर या नटाने ती भूमिका केली. त्याचा एक ठरीव उद्गार सबंध अमेरिकेच्या तोंडी बसला. झाले! लेखकांना आयती युक्ती सापडली. जे.जे.ने डोळे फिरवावेत, तो शब्द उच्चारावा आणि प्रेक्षकांनी टाळ्या द्याव्यात. बापाचे कष्ट, धाकट्याची बुद्धी, बहीण थेल्मा हिची जिद्द हे सारे मागे पडले आणि पुढे उरला तो विदूषक.

रोलबाई गप्प बसल्या नाहीत. १९७५ साली 'एबनी' या कृष्णवर्णीयांच्या मासिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी उघड तक्रार केली. मुलगा अठरा वर्षांचा झाला, त्याला कामधंदा नाही, लिहिण्यावाचण्याचे नाव नाही, आणि असा मुलगा आपल्या पोरांपुढे ठेवला जात आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जॉन अमोस यांचीही हीच तक्रार होती. मालिकेच्या लेखकांत गोऱ्यांचा भरणा आहे आणि त्यांना आमच्या घरांची माहिती नाही, असे ते म्हणत. या वादाचा शेवट असा झाला की अमोस यांनाच काढून टाकण्यात आले. सप्टेंबर १९७६ मध्ये दाखविण्यात आले की, जेम्सला मिसिसिपीत चांगले काम मिळाले आणि कुटुंब तेथे जाण्याच्या तयारीत असतानाच मोटार अपघातात तो मरण पावला.

त्या प्रसंगातील रोलबाईंचा अभिनय ज्यांनी पाहिला ते तो विसरत नाहीत. अंत्यविधीनंतर घरी आलेल्या लोकांपुढे फ्लोरिडा हसत राहते, सर्वांची विचारपूस करते. सगळे गेल्यावर हातातील काचेचे भांडे ती जमिनीवर आपटते आणि तिच्या तोंडून आक्रोश फुटतो. तो आक्रोश पडद्यावरील विधवेचा होताच. पण ज्या बापासाठी त्या नटीने एवढा हट्ट धरला होता, तो बाप तीनच वर्षांत तिच्या घरातून काढून नेण्यात आला होता, हे ध्यानात घेतले की त्या आक्रोशाचे वजन दुप्पट होते.

१९७७ साली रोलबाईंनी मालिका सोडली. हातची नोकरी, ऐन भरातली कीर्ती आणि मोठे वेतन त्यांनी सोडले. पडद्यावर सांगण्यात आले की फ्लोरिडाने कार्ल नावाच्या गृहस्थाशी लग्न केले आणि ती ॲरिझोनाला गेली. मुले आईबापांविना राहिली. मालिकेची लोकप्रियता ओसरली. तेव्हा १९७८ साली त्यांना परत बोलाविण्यात आले. त्यांनी अटी घातल्या: जे.जे. जबाबदार माणूस म्हणून दाखविला जावा, कार्लचे प्रकरण मिटवावे आणि वेतन वाढवावे. अटी मान्य झाल्या व त्या परतल्या. १९७९ साली मालिका संपली तेव्हा जे.जे. आपल्या चित्रकलेवर पोट भरणारा झाला होता.

दोन आक्षेप

रोलबाईंच्या या वागण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. दोन्हींचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, नटाने नेमून दिलेले काम करावे, लेखकाशी भांडू नये. शिवाय विनोदी मालिकेत विनोद नको तर काय प्रवचन हवे? यावर आमचे उत्तर असे की, रोलबाईंचा विनोदाला विरोध नव्हताच. त्यांनी स्वतः वर्षानुवर्षे लोकांना हसविले. जिमी वॉकर या तरुण नटाला दोष देण्याचेही कारण नाही; त्याने आपले काम कौशल्याने केले. भांडण होते ते मापाविषयी. गोऱ्यांच्या कुटुंबांवर त्या काळी डझनांनी मालिका चालत. त्यांतील एखादा मुलगा मूर्ख निघाला तर कोणी सबंध गोऱ्या समाजाला मूर्ख म्हणत नसे. परंतु ज्या समाजाच्या वाट्याला पडद्यावर एखाददुसरेच घर येते, त्या घरातील विदूषक हा सबंध समाजाचा चेहरा ठरतो. म्हणून त्या घराची जबाबदारी अधिक असते. हे अन्याय्य आहे. पण हे सत्य आहे. रोलबाईंनी हे सत्य ओळखले आणि ते ओझे उचलले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मोलकरणीच्या प्रतिमेविरुद्ध बोलणाऱ्या बाईंनी जन्मभर मोलकरणी का रंगविल्या? 'समर ऑफ माय जर्मन सोल्जर' या १९७८ च्या दूरचित्रवाणीपटातील ज्या भूमिकेबद्दल त्यांना १९७९ साली एमी पारितोषिक मिळाले, ती एका ज्यू कुटुंबातील मोलकरणीचीच. १९८९ च्या 'ड्रायव्हिंग मिस डेझी' या चित्रपटातही त्या स्वयंपाकीणच होत्या. हॅटी मॅक्डॅनिएल यांना पारितोषिक मिळाल्यानंतर एकोणचाळीस वर्षे लोटली, तरी पारितोषिक स्वयंपाकघराच्याच वाटेने आले. हा दोष नटीचा की दार अडवून बसलेल्यांचा, हे वाचकांनी ठरवावे.

आमच्या मते येथे एक भेद करणे अवश्य आहे. दुसऱ्याच्या घरी भांडी घासणे हे हीन काम नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या आया-आज्यांनी ते केले आणि त्या कमाईतून मुलांची पुस्तके आली. ते काम करणाऱ्या बाईला मन नाही, मत नाही, घर नाही, असे दाखविणे मात्र हीन आहे. रोलबाईंचा झगडा या दुसऱ्या गोष्टीशी होता. त्यांच्या मोलकरणी मालकाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलतात. आणि मोलकरणीपलीकडच्या भूमिका मिळाल्या तेव्हा त्यांनी त्यांचेही सोने केले. १९८९ साली लोरेन हॅन्सबेरी यांच्या 'अ रेझिन इन द सन' या नाटकाच्या दूरचित्रवाणी प्रयोगात त्यांनी लीना यंगर ही भूमिका केली. नवऱ्याच्या विम्याच्या पैशातून गोऱ्यांच्या वस्तीत हक्काचे घर घेणारी ही वृद्ध आई. ज्या नटीने पडद्यावर घरासाठी एवढा झगडा केला, तिला ही भूमिका शोभून दिसली, यात नवल ते काय?

१७ नोव्हेंबर १९९८ रोजी कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे मधुमेहाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्यांना त्यांच्या जन्मगावी, पॉम्पानो बीच येथे पुरण्यात आले. नॉर्मन लिअर २०२३ साली आणि जॉन अमोस २०२४ साली निवर्तले. भांडणारे आणि ज्यांच्याशी भांडण झाले ते बहुतेक गेले. भांडणाचा विषय मात्र शिल्लक आहे.

आपण काय करावे?

रोलबाईंना पूर्ण यश मिळाले, असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी मागितलेला बाप त्यांना मिळाला आणि हिरावलाही गेला. त्यांनी नोकरी सोडली व अटी घालून परत घेतली. त्या अटींपैकी वेतनवाढीची अट काहींना खटकते. आम्हाला ती खटकत नाही. कष्टाचा पुरा मोबदला मागणे हाही स्वाभिमानाचाच भाग आहे. अर्धे यश मिळाले म्हणून झगडा फुकट गेला, असे मानणारा माणूस कधीच झगडणार नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या घरात जेव्हा हास्याचे कार्यक्रम लागतात, तेव्हा मुलांबरोबर बसून ते पाहावेत. पडद्यावरची कामवाली कशी बोलते, तिच्या बोलीला कोण हसते, तिला आडनाव आहे काय, तिला मुले आहेत काय, ती मुले शाळेत जातात काय, हे मुलांना विचारावे. हसू नका असे त्यांना मुळीच सांगू नये. गरिबाच्या घरचे हसू ही त्याची मोठी शक्ती आहे. तिच्या बळावर त्याने किती तरी उपवासाच्या रात्री काढल्या आहेत. परंतु कोणी आपल्याला हसण्यासाठी बोलावील तेव्हा, आपण हसणाऱ्यांत बसलो आहोत की हसण्याच्या विषयांत उभे आहोत, एवढे ओळखण्यास मुलांना शिकवावे. आणि आपली जी मुलेमुली नाटकात, चित्रपटात, लेखनात जाऊ पाहतात, त्यांना अडवू नये. पॉम्पानो बीचच्या शेतकऱ्याची दहावी मुलगी जर निर्मात्यासमोर उभी राहून आपल्या पडद्यावरील मुलांसाठी बाप मागू शकली, तर आपल्या मुलांनाही आपल्या घराचे खरे चित्र मागता येईल, आणि मागून मिळाले नाही तर स्वतः काढताही येईल.